कर्ता नसलेली वाक्ये

एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्याने कार्यप्रशिक्षण घ्यायचे ते नेमके कशाचे, हा प्रश्न आमच्या वर्गात काही आठवडे थट्टेचा विषय झाला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना लागू झाले आणि दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. रसायनशास्त्राची मुले प्रयोगशाळा शोधतात, वाणिज्याची मुले सनदी लेखापालाचे कार्यालय गाठतात. ज्ञानेश्वरी आणि नवकाव्य वाचणाऱ्यांनी वाशीमसारख्या गावात कुणाचे दार ठोठवावे? मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईकडे. येथे छापखाने आहेत, पण त्यांचे मुख्य वाङ्मय म्हणजे लग्नपत्रिका. वर्गातल्या एकाने खरोखरच अशा छापखान्यात मुद्रितशोधनाचे तास भरले आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ ह्या वाक्यातले दोन्ही अनुस्वार आपण शेवटपर्यंत कसे राखले, हे तो अजून सांगतो.

मला एका शासकीय कार्यालयाच्या जनसंपर्क कक्षात जागा मिळाली. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये रोज चार तास, असे माझे तास भरले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. जे सांगायचे आहे ते त्या एका कार्यालयाचे नाही. ज्या भाषेत ते कार्यालय बोलते तिचे आहे, आणि ती भाषा वाशीमला जन्मलेली नाही.

काम तसे साधे होते. सकाळी वर्तमानपत्रे चाळून कात्रणे काढायची, ती कोऱ्या कागदावर डकवून वर दैनिकाचे नाव आणि तारीख घालायची. दुपारी बैठकांचे, भेटींचे, उद्घाटनांचे वृत्त लिहायचे, छायाचित्रांना ओळी द्यायच्या आणि ते सगळे पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेला एक पदवीधर बसत असे. त्याला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन, मला श्रेयांक. ह्या योजनेला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात. त्यामुळे कक्षात त्याला भाऊ आणि मला, विद्यावेतनाशिवायच, ताई म्हटले जाई.

पहिल्या दिवशी माझ्या हाती जुन्या वृत्तांची एक जाड फाईल देण्यात आली. (पाहा, मीही तसेच लिहू लागले.) ‘ह्याच्यावरून ढब समजून घ्या’, असे सांगितले गेले. मी ती फाईल एखाद्या अपरिचित कवीचा संग्रह वाचावा तशी वाचली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिची शैली माझ्या ध्यानात आली होती. आढावा घेण्यात आला. निर्देश देण्यात आले. कार्यवाही करण्यात येत आहे. निधी उपलब्ध करून देण्यात येईल. अर्ज सादर करण्यात यावेत. पानामागून पाने क्रियापदे आपापली कामे करीत होती आणि ती करणारा माणूस कुठेच दिसत नव्हता.

‘करण्यात येणे’ ही रचना मराठीला परकी नाही, आणि ती वाईटही नाही. कर्मणी प्रयोगाच्या कुळातलीच ती. कर्ता तीत बसू शकतो. ‘समितीकडून’, ‘विभागातर्फे’ असे म्हणायला व्याकरणाची आडकाठी नाही. पण जागा असूनही ती बहुधा रिकामी राहते. मी त्या फाईलमधल्या पन्नास वृत्तांत पेन्सिलीने खुणा करीत गेले. एकाच प्रसंगी कर्ता निश्चित हजर होता: जेथे काही दिले जात होते तेथे. सायकलींचे वाटप अमुक यांच्या हस्ते, सभागृहाचे लोकार्पण तमुक यांच्या शुभहस्ते, योजनेचा शुभारंभ त्यांच्या प्रमुख उपस्थितीत. तेथे कर्ता नुसता येत नाही. पदनामासह, मान्यवरांच्या उतरंडीसह आणि छायाचित्रात डावीकडून दुसरा असा येतो. अर्ज फेटाळला गेला, मुदत संपली, रक्कम कमी आली, नाव यादीतून गळले, की मात्र वाक्य एकदम निराकार होते. देणाऱ्याला हात असतात. नाकारणाऱ्याला हात नसतात, तेथे नुसते ‘नाकारण्यात आले’ असते.

हे मी कक्षातल्या सरांना बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. वीस-बावीस वर्षे हेच काम केलेला, ‘सकाळच्या कात्रणांनीच माझा चहा गोड किंवा कडू होतो’ म्हणणारा हा माणूस. ते म्हणाले, ‘तुम्ही साहित्यवाले कर्ता शोधता. कार्यालयात कर्ता म्हणजे खुर्ची असते. मी उद्या बदलून जाईन. निर्णय माझा असला तर तोही माझ्याबरोबर जाईल. “करण्यात आले” म्हटले की तो कार्यालयाचा होतो.’ ह्या म्हणण्यात तथ्य आहे. कोणा एका माणसाच्या मर्जीने नव्हे तर नियमाने तुम्हांला काही मिळते आहे, हे सांगायला कर्त्याचा लोप उपयोगीच पडतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर आणि त्याच्या आधीपासूनच भाषा संचालनालयाच्या कोशांमधून ज्यांनी शासनव्यवहाराची मराठी बेतली, त्यांच्यापुढे इंग्रजी कारभाराचा नमुना होता आणि त्या नमुन्यात निर्वैयक्तिकपणा हा सद्गुण होता. मला सरांना एवढेच विचारावेसे वाटले, की मग उद्घाटनाच्या वृत्तात हा सद्गुण कुठे जातो? पण ते मी विचारले नाही. चार श्रेयांकांची सही त्यांचीच होती.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. वय साठीच्या पुढे, हातात वर्तमानपत्राचे कात्रण. अतिवृष्टीच्या मदतीसाठी ज्यांचे ई-केवायसी राहिले आहे त्यांच्यासाठीचे, मी येण्यापूर्वी कधीतरी निघालेले आवाहन त्यात छापले होते. ‘पात्र लाभार्थ्यांनी विशिष्ट क्रमांकाच्या आधारे प्रमाणीकरण करून घेण्यात यावे’, असे काहीसे ते वाक्य. ‘लाभार्थ्यांनी’ ह्या कर्त्याने सुरू होऊन ‘घेण्यात यावे’ ह्या अकर्तृक शेवटाला पोचलेले, म्हणजे व्याकरणाच्याही हिशेबाने वाटेत रस्ता चुकलेले. नातवाने ते त्यांना वाचून दाखवले होते. त्या म्हणाल्या, ‘पोरी, हे करून घेन्यात यावं म्हंजे कोन करून घेईन? मले वाटलं तुमचा मानूस येईन घरी. मी तं पंधरा दिवस वाट पायली.’

मी त्यांना योजनेची माहिती देऊ लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवले. ‘थे राहू दे. कागद कोनते आन् कोठी नेऊ, इतकं सांग.’

त्या गेल्यावर मी एक चौकट लिहिली. गावाच्या यादीत आपले नाव पाहा. नावापुढचा विशिष्ट क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक आणि आधारकार्ड घेऊन जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रावर स्वतः जा. तेथे बोटाचा ठसा द्या. घरी कोणी येणार नाही. हे शेवटचे वाक्य सरांना उद्धट वाटले. बराच विचार करून त्यांनी ते ठेवले, फक्त ‘जा’चे ‘जावे’ केले. पुढच्या वृत्ताखाली ती चौकट गेली. एका दैनिकाने ती जशीच्या तशी छापली. दुसऱ्याच्या उपसंपादकाला ती बहुधा अगदीच गावंढळ वाटली असावी. त्याने तिचा पुन्हा एक परिच्छेद केला आणि शेवटी ‘असे आवाहन करण्यात आले आहे’ हे जोडून तिला सभ्य करून टाकले.

त्या सत्रात आम्हांला भारतीय साहित्यशास्त्राची प्रश्नपत्रिका होती. दुपारी कक्षातून सुटले की मी ग्रंथालयात बसून दंडी, वामन, राजशेखर वाचत असे. ह्या वाचनातून कार्यालयातल्या फाईलवर प्रकाश पडेल अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. पण दंडीने वैदर्भ मार्गाचे प्राण म्हणून जे दहा गुण सांगितले, त्यांत एक ‘अर्थव्यक्ती’ आहे. आपण परीक्षेत त्यावर दोन ओळी लिहितो आणि पुढे जातो. दंडीचे म्हणणे असे, की वाक्याचा अर्थ पुरा व्हायला जे लागते ते वाक्यातच असावे. वाचकाला ते बाहेरून आणायला लावू नये. त्याचे उदाहरण महावराहाचे आहे. नागांच्या रक्ताने तांबड्या झालेल्या समुद्रातून विष्णूने पृथ्वी वर काढली, असे म्हटले की अर्थ व्यक्त झाला. नुसते ‘तांबड्या समुद्रातून’ म्हटले, तर तो तांबडा कशाने झाला हे वाचकाने स्वतः पुरवायचे. ह्या दोषाला तो नेयत्व म्हणतो. त्या बाईंनी हाती कात्रण घेऊन मला विचारला तो प्रश्न नेयत्वाचाच होता. कोण करील, हे त्यांनी बाहेरून आणले. ‘तुमचा माणूस’ असे ते आणले. आणि त्यात पंधरा दिवस गेले.

ह्या वैदर्भ मार्गाचे गाव कोणते, हे वाशीमच्या विद्यार्थ्याला सांगायला हवे असे नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ आज उपलब्ध नाही, अलंकारशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी रीतींची नावे येतात त्यांत ‘वच्छोमी’ आहे, म्हणजे वत्सगुल्माची रीत. एका शैलीला ह्या गावाचे नाव होते. आणि त्याच राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडणारी साहित्यविद्या ह्यांचे लग्न लागते ते ह्याच वत्सगुल्म नगरात. आमच्या गावी साहित्याचे लग्न लागले होते, असे आम्ही विद्यार्थी अभिमानाने सांगतो. (पत्रिकेच्या मुद्रितशोधनाला आमच्या वर्गमित्राचा पूर्वज असावा.)

मला मात्र ह्या कथेतले लग्न तितके महत्त्वाचे वाटत नाही. त्या आधीचा प्रवास वाटतो. साहित्यविद्या प्रथम पूर्वेकडे काव्यपुरुषाला वश करू पाहते. तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या वेळी तो जे बोलतो ते लांबलचक समासांचे, अनुप्रासांचे. ती गौडी रीत. पांचालात तो थोडा वळतो, समास आखूड होतात. दक्षिणेत येईपर्यंत तो तिच्यात पुरता गुंतलेला असतो आणि त्याचे बोलणे सोपे, प्रसन्न होते, ती वैदर्भी. रीतींचा हा इतिहास भूगोलाने लिहिला आहे असे आपण शिकतो. माझ्या मते राजशेखर येथे काही वेगळे सांगून गेला आहे: समोरच्याविषयी ओढ नसली की बोलणे समासांनी भरते. ‘नैसर्गिक-आपत्ती-बाधित-शेतकरी-अनुदान-वितरण-कार्यपद्धती’ असे शब्द जोडून लिहिणारा कोणी दुष्ट नसतो. तो समोर पाहत नसतो, इतकेच. समोर त्याला वाचक दिसत नाही. वरिष्ठ दिसतो, लेखापरीक्षक दिसतो, माहिती अधिकारात अर्ज करणारा दिसतो.

शासन म्हटले की भाषा अशीच होणार, असे मानण्याचीही गरज नाही. ह्याच वाशीमचा एक ताम्रपट १९३९ साली प्रकाशात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून तो दिला. नांदेडच्या बाजूचे आकासपद्द नावाचे गाव त्याने ब्राह्मणांना दान केले आहे. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा. विद्वानांना ह्या ताम्रपटाचे महत्त्व वाकाटकांच्या वंशावळीसाठी वाटते. मला त्यातली भाषेची वाटणी महत्त्वाची वाटते. घराण्याची थोरवी सांगणारा भाग संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे कोणते गाव, कोणाला, कोणकोणत्या सवलतींसह, हा भाग मुख्यतः प्राकृतात आहे. प्रसिद्धी एका भाषेत, माहिती दुसऱ्या. प्राकृत भागात देणारा ‘आम्ही’ म्हणून बोलतो, आणि शेवटी हे शासन लिहिणाऱ्याचे नाव आहे: सेनापती वण्हु. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराला आदर्श म्हणण्याचा माझा विचार नाही. ज्यांच्या जमिनीवर ते दान उभे होते त्यांना कोणी काही विचारले नसणार. पण निर्णय कोणी केला आणि कागद कोणी लिहिला हे त्या पत्र्यावर दिसते. माझ्या १२० तासांतल्या एकाही कागदावर लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. माझेही नव्हते.

जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत ह्या व्यवसायाचा आरंभ बहुधा एका अपघातापासून सांगतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडले, पन्नासांहून अधिक माणसे गेली. रेल्वे कंपनीसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली ह्याने घडलेल्या घटनेचे निवेदन लिहून पत्रकारांच्या हाती दिले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून ह्याचा उल्लेख होतो. तेव्हा मृत्यूविषयी कसे लिहावे हा प्रश्न ह्या व्यवसायाला जन्मापासूनचा आहे. वाशीमला तो चौथ्या आठवड्यात माझ्यापुढे आला.

शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांवर निर्णय करणारी एक बैठक होते. तिचे वृत्त द्यायचे होते. टिपणे माझ्याकडे आली. इतकी प्रकरणे ठेवण्यात आली. त्यांपैकी इतकी पात्र, इतकी अपात्र, इतकी फेरचौकशीसाठी ठेवण्यात आली.

‘पात्र’ हा शब्द आम्ही मराठीचे विद्यार्थी दिवसातून वीसदा वापरतो. कथेतले पात्र, पात्राचा विकास, सपाट पात्र, गोल पात्र. नदीचेही पात्र असते, पूजेचेही. शासनाच्या मराठीत त्याला एकच अर्थ उरला आहे. त्या अर्थाने मेलेला माणूसही पात्र किंवा अपात्र होऊ शकतो. २००५-०६ च्या शासननिर्णयांपासून चालत आलेली पद्धत अशी: शेतकऱ्याची आत्महत्या नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जवसुलीचा तगादा ह्यांमुळे झाली आहे असे ठरले, तर कुटुंबाला १ लाख रुपये, त्यांतले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. कर्ज कोणाचे तेही पाहायचे: बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत वाशीम होता, तेव्हा ह्या जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही हे निकष तोंडपाठ आहेत.

ह्या शब्दाची व्याप्ती आता फार वाढली आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी छाननी निघाली, तेव्हा मथळ्यांत ‘अपात्र लाडक्या बहिणी’ असा शब्दप्रयोग दिसू लागला. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबायला हवे. नाते आणि निकष ह्यांचा असा संकर मराठीत पूर्वी झाला असेल असे वाटत नाही. लाडक्या बहिणीला अपात्र ठरवायचा अधिकार भावाला ओवाळणीच्या दिवशीही नसतो. आणि आमचा सबंध जिल्हाच तर २०१८ पासून ‘आकांक्षित’ आहे. देशातले जे जिल्हे विकासाच्या निर्देशांकांत मागे आहेत त्यांना हे नाव मिळाले. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचा उस्मानाबाद आणि वाशीम. ‘मागास’ शब्द कानाला वाईट लागे, हे खरे. पण त्याच्या पोटात एक प्रश्न असे: मागे ठेवले कोणी? ‘आकांक्षित’मध्ये तो प्रश्न विझतो. तेथेही कर्ता गळलाच.

मी सरांना विचारले, अपात्र प्रकरणांची कारणे वृत्तात देता येतील का. निदान प्रकार तरी. इतकी कर्जाचा पुरावा नसल्यामुळे, इतकी अन्य कारणांमुळे. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘गाव लहान असते. तारीख आणि तालुका कळला की घर कळते. त्या घरात दारूचे लिहिले, आजाराचे लिहिले, भांडणाचे लिहिले, तर उद्या त्या बाईने चक्कीवर दळण घेऊन कसे जायचे?’ ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते; आजही नाही. आकडे तसेच गेले. जी भाषा लपवते म्हणून मी तिच्यावर चिडले होते, तीच कधीकधी झाकतेही, हे मला त्या दिवशी मान्य करावे लागले.

माझ्या विचारण्यामागे काही होते ते सरांना माहीत नव्हते. २०१८ साली मी दहावीत असताना माझ्या मोठ्या काकाने विष घेतले. मालेगाव तालुक्यातले आमचे गाव, कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. काही महिन्यांनी काकूच्या नावे एक पत्र आले आणि घरात मराठी चांगले म्हणून ते मी वाचून दाखवले. ‘सदर प्रकरण अपात्र ठरविण्यात आले आहे.’ काकूने विचारले, ‘अपात्र म्हंजे?’ मी शब्दाचा अर्थ सांगितला. तिने तो विचारला नव्हता.

कारण पुढे कळले आणि ते नियमाला धरूनच होते. काकाचे कर्ज बँकेचे नव्हते. बियाण्या-खताच्या दुकानातली उधारी आणि परवाना नसलेल्या एका माणसाकडून शेकड्याने उचललेले पैसे, असे ते होते; कागद कशाचाच नव्हता. बँकेचे का नव्हते? कारण पीककर्जाला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर काकाचे नाव नव्हते. जमीन आजोबांच्या नावावर होती. आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली होती, वारसांची नोंद कोणी केली नव्हती, आणि काका ती जमीन त्या अकरा वर्षांत कसत होता. म्हणजे कागदावर शेती करणारा माणूस मेलेला होता आणि जो खरोखर शेती करीत होता तो कागदावर नव्हता. ‘अपात्र ठरविण्यात आले’ ह्या वाक्याला कर्ता हवाच असेल तर तो मला अजूनही एकेरी सापडत नाही. फेरफार लांबणीवर टाकणारे आम्ही, हक्कसोडीवरून अडून बसलेले नातेवाईक, निकष लिहिणारे, निकष लावणारे: एका वाक्यात इतके कर्ते मावत नाहीत. पण एकही नसावा हे मला पटत नाही.

एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून महसूल विभागाची ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू झाली. मार्चमध्ये ती शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात झाली होती. मृत खातेदारांची नावे काढून वारसांची नावे सातबाऱ्यावर लावायची. जनसंपर्काच्या दृष्टीने ह्या नावाला दाद द्यायला हवी. शासनाच्या मराठीत इतके चांगले रूपक मी तरी दुसरे पाहिले नाही. तिचे वृत्त हे माझे शेवटचे मोठे काम होते. मी ते त्या बाईंसाठी लिहिले, म्हणजे मनात त्यांना समोर बसवून लिहिले. तलाठी गावात यादी वाचतील. तुमच्या घरातल्या मृत माणसाचे नाव तीत आले का ते ऐका. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, वये, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक तलाठ्यांना द्या. सरांनी ‘तलाठी’ खोडून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले, कारण २०२४ पासून पदाचे नाव ते आहे. मी कंसात ‘तलाठी’ ठेवू द्या म्हणाले. त्यांनी ठेवू दिले. बाकी एका शब्दालाही हात लावला नाही.

अहवाल लिहिणे तेवढे राहिले होते. त्याचा नमुना महाविद्यालयाने दिला होता: उद्दिष्टे, कार्यपद्धती, निष्पत्ती. निष्पत्तीच्या रकान्यात मी वृत्तलेखन, छायाचित्र-ओळी, माध्यम-समन्वय असे लिहिले. अर्थव्यक्ती गुणाविषयी लिहिले नाही. ते तोंडी परीक्षेत बोलले. परीक्षकांना राजशेखराची गोष्ट आवडली आणि त्यांनी मला ‘काव्यमीमांसे’च्या अध्यायाचा क्रमांक विचारला.

त्याच आठवड्यात आमच्या गावी चावडीवाचन होते. मी काकूबरोबर गेले. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसे असतील, बाया पाच-सहा. तलाठी ताई तरुण होत्या, आवाज खणखणीत. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, मयत. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, मयत. प्रत्येक नावानंतर कोणीतरी ‘आमचे’ म्हणे. आजोबांचे नाव आले. काकू म्हणाली, ‘हाव, आमचेच.’ मग ताईंनी वारस विचारले. बाबा, दोन आत्या. काका मयत म्हटल्यावर त्यांनी मान न उचलता विचारले, ‘त्यांची बायको? मुले?’ काकूने मुलांची नावे सांगितली आणि शेवटी आपले. ताईंनी ते लिहिले, आधारकार्डाशी पडताळले, आणि माझ्याकडे पाहून विचारले, ‘ह्यात वेलांटी पहिली की दुसरी? कार्डावर वेगळी दिसते.’

‘दुसरी,’ मी म्हणाले.